लाल की हिरवी? न्यू मेक्सिकोची राज्यचिन्हं शोधत केलेली भटकंती

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, न्यू मेक्सिकोचं सुमारे ३ लाख १५ हजार. नकाशावर दोघं जवळजवळ एकाच मापाची. पण २०२०च्या जनगणनेत तिथे माणसं भरली २१ लाख १७ हजार, आणि आपण २०११ सालीच ११ कोटी २४ लाख होतो. साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवताना लोकसंख्येच्या घनतेचे असे आकडे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. पण विरळ वस्ती म्हणजे काय, ते अल्बुकर्कीच्या विमानतळाबाहेर पडल्यावर डोळ्यांना कळलं. पूर्वेला सांदिया डोंगराची उभी भिंत, पश्चिमेला विझलेल्या ज्वालामुखींची रांग, मधून रिओ ग्रांदे नदीच्या काठाने गेलेली पिवळ्या पडत चाललेल्या झाडांची रेघ, आणि बाकी सगळं आभाळ.

माझा भाचा ओंकार तिथे नोकरीला आहे. त्याची मुलगी ईशा चौथीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याला आपला पक्षी, आपलं झाड, आपलं फूल असतंच, पण न्यू मेक्सिकोची यादी फार लांब आहे. तिच्यात कीटक आहे, सरडा आहे, बिस्किट आहे, गळ्यात घालायचा टाय आहे, एक प्रश्न आहे आणि २०२३पासून एक वाससुद्धा आहे. ईशाला ही यादी शाळेत पाठ करून घेतली होती आणि तिची शरदातली सुट्टी लागलेली होती. ओंकार म्हणाला, "मावशी, नेहमीची ठिकाणं नकोत. ही यादीच घेऊन फिरू." मला याहून चांगला बेत सुचला नसता.

रविवार, अल्बुकर्की

पहाटे चारला उठून, स्वेटरवर स्वेटर चढवून फुग्यांच्या मैदानावर गेलो. गरम हवेचा फुगा हे इथलं अधिकृत राज्य-विमान, २००५पासून. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे जगातला सर्वांत मोठा फुग्यांचा मेळा भरतो. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमधून १३ फुगे उडाले, तिथून सुरुवात. आता पाचशेहून जास्त येतात.

अंधारात आधी मोजके फुगे वर जातात आणि वारा कसा आहे ते बाकीच्यांना दाखवतात. मग तांबडं फुटलं की रांगेमागून रांग उठते. माणसांना मैदानात अगदी फुग्याजवळ जाऊ देतात. बर्नर पेटला की चेहऱ्यावर धग येते, आडवं पडलेलं रंगीत कापड हळूहळू उभं राहतं, आणि बघता बघता टोपलीतली माणसं आपल्या डोक्यावरून हात हलवत जातात.

हा मेळा इथेच का, याचं उत्तर शुद्ध भूगोल आहे. रात्री गार होऊन जड झालेली हवा नदीच्या खोऱ्यातून उताराकडे, म्हणजे दक्षिणेला वाहते. तिच्या वरच्या थरात वारा उलटा, दक्षिणेकडून उत्तरेला. फुगेवाला खालच्या वाऱ्यावर दक्षिणेला जातो, उंची वाढवतो, वरच्या वाऱ्यावर मागे येतो आणि निघाला त्याच्या आसपासच उतरतो. इथले लोक याला 'बॉक्स' म्हणतात. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि ही सोय संपते, म्हणून सगळी पहाटेची घाई. समोरच फुग्यांचं संग्रहालय आहे. त्याला १९७८ साली फुग्यातून पहिल्यांदा अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या तिघांपैकी अँडरसन आणि अब्रुझो या दोघांचं नाव दिलंय. तिघंही याच शहराचे.

आणखी एक आकडा सांगते, कारण तो सगळी वाट मला सोबत करत होता. अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे इथला माणूस सकाळी दूध आणायला जातो तोच कळसूबाईच्या उंचीवर.

दुपारी ओंकारच्या परसात राज्यपक्षीही दिसला. रोडरनर. लांब शेपटी, तपकिरी पांढरे पट्टे, डोक्यावर तुरा. तो कुंपणावरून उतरला, थांबला, शेपूट वर केली आणि असा पळाला की ईशा "आजी, बघ" म्हणेपर्यंत पलीकडच्या गल्लीत. उडण्यापेक्षा पळण्यावर त्याचा भर, आणि सरडे, विंचू, लहान रॅटलस्नेकसुद्धा त्याचं खाद्य. तो कोकिळेच्या कुळातला आहे. आपला भारद्वाजही त्याच कुळातला. हे कळल्यावर त्याच्या चालण्यातली ओळख पटली: तेच जमिनीवर उतरून, मान पुढे काढून, मालकी हक्काने फिरणं.

सोमवार, सांता फे

अल्बुकर्कीपासून राजधानी शंभर किलोमीटर उत्तरेला आणि आणखी पाचशे मीटर वर. सांता फे जवळपास २१३० मीटरवर आहे. अमेरिकेतली सर्वांत उंचावरची आणि सर्वांत जुनी राज्य-राजधानी, १६१०ची. त्या सुमाराला आपल्याकडे अहमदनगरात मलिक अंबर निजामशाही सावरत होता.

विधानभवनाला लोक 'राउंडहाउस' म्हणतात. अमेरिकेतलं हे एकमेव गोल राज्य-विधानभवन. १९६६ साली ते सुरू झालं. वरून पाहिलं तर गोलाला चारी दिशांना चार भाग जोडलेले, म्हणजे राज्याच्या झेंड्यावरचा सूर्यच इमारत होऊन बसलेला. आत कुणीही जाऊ शकतं. मधल्या गोल दालनाचा दगड इथल्याच खाणीतला, जमिनीवर राज्याची मोहर, वर छताला टोपलीच्या विणीसारखी काच. सगळ्या मजल्यांवर राज्यातल्या कलावंतांची कामं लावलीत. एका भिंतीवर जुने ब्रश आणि टाकाऊ वस्तू जोडून केलेलं रानरेड्याचं डोकं आहे. ईशा तिथून हलेना.

मोहरेवर दोन गरुड आहेत. मोठा अमेरिकेचा, आणि त्याच्या पंखाखाली लहान मेक्सिकोचा, चोचीत साप आणि पंजात निवडुंग धरलेला. खाली लॅटिन ब्रीद: क्रेसिट युंडो, पुढे जाता जाता वाढत जातं. प्राचीन रोमन कवी ल्युक्रेशिअसने हे शब्द विजेच्या लोळाबद्दल लिहिले होते.

या मोहरेमागे मोठी वाट पाहणं आहे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून हा मुलूख अमेरिकेकडे आला, १८५० साली त्याला प्रदेशाचा दर्जा मिळाला, पण राज्य व्हायला ६ जानेवारी १९१२ उजाडला. ४७वं राज्य. बासष्ट वर्षं वॉशिंग्टनमध्ये अर्ज फेटाळले जात राहिले, कारण इथली माणसं स्पॅनिश बोलत, कॅथलिक होती, आणि काँग्रेसमधल्या अनेकांना ती पुरेशी अमेरिकन वाटत नव्हती. ज्या पिढीने आपल्या घरी संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी ऐकल्या, त्या पिढीतल्या मला हे वाचताना परकं वाटलं नाही. अजूनही इथल्या गाड्यांच्या पाट्यांवर 'न्यू मेक्सिको'पुढे 'यूएसए' असं छापलेलं असतं.

झेंड्याजवळ ईशा ताठ उभी राहिली आणि शाळेत म्हणतात ती वंदना म्हणाली. अर्थ असा: न्यू मेक्सिकोच्या ध्वजाला, आणि एकत्र आलेल्या संस्कृतींमधल्या निर्मळ मैत्रीचं चिन्ह असलेल्या झियाला मी वंदन करते. पिवळ्या पटावर लाल सूर्य, म्हणजेच झिया, एवढाच तो झेंडा. हे स्पेनच्या राजघराण्याचे रंग. २००१ साली ध्वजांच्या अभ्यासकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ७२ ध्वजांचं मत घेतलं, तेव्हा हा पहिला आला. त्या सूर्याची हकिगत गुरुवारी सांगते.

जेवायला चौकाजवळच्या एका खाणावळीत गेलो. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "रेड ऑर ग्रीन?" हाच तो राज्य-प्रश्न, विधिमंडळाने मान्य केलेला. मिरची लाल हवी की हिरवी? झाड एकच. कोवळी तोडून भाजली की हिरवी, पिकवून वाळवली की लाल. दोन्ही हवी असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. मुक्ताने, म्हणजे ओंकारच्या बायकोने, माझ्यासाठी ख्रिसमस मागवलं. हिरवीत भाजल्याचा धुरकट गोडवा होता. लाल जास्त खोल, जराशी मातकट, जिभेवर उशिरा चढणारी. मला विचाराल तर लाल. ओंकार कट्टर हिरवा.

राज्य-बिस्किटही तिथेच मिळालं. बिस्कोचितो: बडीशेपेचा वास, वर दालचिनी आणि साखर. १९८९ साली ठरलेलं, आणि बिस्किटाला असा मान देणारं हे पहिलं राज्य. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, तिच्यानेच ते खुसखुशीत होतं. मी शाकाहारी असल्यामुळे नुसता वास घेऊन बशी ओंकारकडे सरकवली.

संध्याकाळी जुन्या गव्हर्नरवाड्याच्या ओसरीत प्युब्लो आणि नाव्हाहो या मूळच्या जमातींचे कारागीर चांदीचे आणि पिरोजाचे दागिने मांडून बसलेले. पिरोजा हे राज्यरत्न. इथून जवळच सेरिओस टेकड्यांत मूळचे लोक हजार वर्षांहून जास्त काळ तो खणत आलेत. ओंकारने बोलो टाय घेतला, वेणी घातलेल्या दोरीला पिरोजाची बकल. तो २००७पासून राज्याचा अधिकृत टाय आहे. अंधार पडला तसा घराघरांतून पिन्योन लाकडाचा धूर यायला लागला. हे राज्यवृक्ष, आपल्या चिलगोज्याच्या जातकुळीतलं बुटकं पाईन. २००२-०३च्या दुष्काळात आणि पाठोपाठ आलेल्या साल पोखरणाऱ्या किड्यांमुळे ही झाडं डोंगरच्या डोंगर वाळून गेली होती. त्या सुगंधात उभं राहून हे आठवणं सोपं नव्हतं.

मंगळवार, ताओस

वरच्या डोंगरवाटेने गेलो. चिमायोचं १८१६ सालचं मातीचं देऊळ बघितलं. तिथल्या एका छोट्या खळग्यातली माती भाविक अंगारा म्हणून नेतात, आणि गुड फ्रायडेला हजारो माणसं पायी चालत येतात.

ताओस प्युब्लोत, म्हणजे मूळच्या लोकांच्या गावात, मात्र वेळ काढला. मातीच्या विटांची, एकावर एक रचलेली घरं. इथे साधारण हजार वर्षं सलग वस्ती आहे, आणि जुन्या भागात आजही वीज नाही, नळ नाही, वस्तीच्या ठरावानुसार. मधून झरा वाहतो, तेच पाणी. तो डोंगरातल्या ब्लू लेक सरोवरातून येतो. ते सरोवर यांचं पवित्र स्थान. १९०६ साली सरकारने ते राखीव जंगलात घातलं. लोक चौसष्ट वर्षं भांडले. पैशांची भरपाई देऊ केली ती त्यांनी नाकारली, आणि १९७० साली ४८ हजार एकर जमीन सरोवरासह परत मिळवली.

स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १६८०च्या उठावाची आखणीही याच ताओसमधून झाली. पोपे नावाच्या पुढाऱ्याने गाठी मारलेल्या दोऱ्या देऊन धावणारे गावोगाव पाठवले. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. स्पॅनिश सत्ता बारा वर्षं इथून हद्दपार झाली. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्य आपल्या दोन व्यक्तींचे पुतळे देतं. न्यू मेक्सिकोच्या दोनांतला एक पोपेचा आहे, हातात गाठींची दोरी घेतलेला. २००५ साली तो बसवला. हे त्यांच्या चिन्हांच्या यादीत येत नाही, पण माझ्या यादीत सर्वांत वर आहे.

आणि मंगळवार होता, म्हणून संध्याकाळी मारुतीला गेलो. हो, ताओसात मारुती आहे. नीम करोली बाबांच्या अमेरिकन भक्तांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हा आश्रम उभा केला. जयपूरला घडवलेली, झेप घेणाऱ्या हनुमानाची संगमरवरी मूर्ती. आजूबाजूला बसलेले बहुतेक गोरे, पिकल्या केसांचे, आणि हनुमान चालिसा मात्र पाठ. उच्चार वेगळे, लय अगदी बरोबर. नंतर गरम चहा आणि प्रसाद. मी मनातल्या मनात भीमरूपी म्हटली.

बुधवार, अबिक्यू आणि घोस्ट रँच

इथले कडे लाल, पिवळे, पांढरे, जांभळे, थरावर थर. चित्रकार जॉर्जिया ओकीफ इथे अनेक वर्षं राहिली आणि समोरचा पेदेरनाल डोंगर तिने पुन्हा पुन्हा रंगवला. याच लाल थरात १९४७ साली सीलोफायसिसचे सांगाडे सापडले, एकाच जागी शेकडो. साधारण २० कोटी वर्षांपूर्वीचा, पातळ पोकळ हाडांचा, चपळ छोटा डायनासोर. १९८१पासून तो राज्याचा जीवाश्म. माझ्यासारखीला, जिने आयुष्य दख्खनच्या बेसाल्टवर काढलं, तिला या डोंगरांचं वय पचवायला वेळ लागला. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो वाहिला तेव्हा हे सांगाडे कितीतरी काळ दगड होऊन पडले होते.

गाडीत ईशाने आपली लाडकी दोन चिन्हं सांगितली. एक राज्य-सरडा, न्यू मेक्सिको व्हिपटेल. या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. दुसरा राज्य-कीटक, टॅरंट्युला हॉक. ही गांधीलमाशी मोठ्या कोळ्याला डंख मारून लुळा करते आणि त्याच्या अंगावर अंडं घालते. तो शाळकरी मुलांनी निवडला. मोठ्यांना विचारलं असतं तर त्यांनी मधमाशी किंवा एखादं देखणं फुलपाखरू सुचवलं असतं. आपणही २०१५ साली ब्लू मॉरमॉन फुलपाखराला मान दिला, आणि राज्य-फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण त्या निवडीत मुलांना कुणी विचारल्याचं माझ्या वर्गात तरी कधी कळलं नाही.

अबिक्यूजवळ शेतांना पाणी देणारे पाट बघितले. त्यांना असेकिया म्हणतात. पाट सगळ्यांचा, त्यावर लोकांनी निवडलेला मायोर्दोमो पाण्याची पाळी ठरवतो आणि वसंतात सगळे मिळून गाळ काढतात. धुळ्याच्या पांझरा काठची फड पद्धत मी वर्गात शिकवायचे, तिच्यातला पाटकरी इथे समोर उभा होता. दोन्हीकडे एकच शहाणपण: पाणी कमी असलं की ते एकट्याचं ठेवून चालत नाही.

गुरुवार, झिया

परतताना मुद्दाम ५५० नंबरच्या रस्त्याने आलो. सान इसिद्रोच्या पुढे, हेमेस नदीच्या काठी, काळ्या दगडाच्या टेकाडावर मातीच्याच रंगाची वस्ती दिसते. झिया प्युब्लो. काही शे माणसांचं गाव. फोटो काढायचे नाहीत, रेखाटनं करायची नाहीत, असा नियम आहे. आम्ही फोन गाडीत ठेवून दिले.

झेंड्यावरचा सूर्य या गावाचा आहे. एक वर्तुळ, त्यातून चारी दिशांना चार-चार किरण. चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याच्या चार अवस्था, आणि या सगळ्यांना बांधणारं वर्तुळ. १९२०च्या दशकात राज्याला नवा झेंडा हवा होता. सांता फेचे डॉक्टर आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक हॅरी मेरा यांनी संग्रहालयातल्या झियाच्या एका घड्यावरची नक्षी घेऊन रचना केली, त्यांच्या पत्नीने तो झेंडा शिवला, आणि १९२५ साली तो अधिकृत झाला. घडा घडवणाऱ्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं नाही. झिया लोकांना कुणी विचारलं नाही. त्यांच्यासाठी ते पूजेतलं चिन्ह आहे, बाळाच्या बारशालाही जोडलेलं.

आज हा सूर्य सगळीकडे आहे. कप, टोप्या, प्लंबरची गाडी, दारूची बाटली. आठवडाभर तो मी कौतुकाने बघत आले होते. झियाच्या लोकांनी १९९०च्या दशकात सरकारकडे आपला हक्क मांडला आणि धंद्यासाठी त्याची नोंदणी करू पाहणाऱ्यांना हरकत घेतली. त्यातूनच अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने २००१ साली मूळ जमातींच्या अधिकृत चिन्हांची वेगळी नोंदवही सुरू केली. पण झेंड्याची परवानगी मागे जाऊन कशी घेणार? ईशा रोज ज्याला मैत्रीचं चिन्ह म्हणून वंदन करते, त्या मैत्रीत एका बाजूला विचारलंच नव्हतं. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मग आता विचारायचं ना." मला तिच्या म्हणण्यात काहीच चूक दिसत नाही. आता काही जण वापरण्याआधी गावाची परवानगी मागतात आणि तिथल्या मुलांच्या शिक्षणासाठी देणगी देतात. हाच रस्ता बरोबर आहे, आणि तो राज्य सरकारने आधी चालायला हवा.

गावाबाहेर एका बाईंकडून लहानसा घडा घेतला. पांढुरक्या लेपावर तपकिरी-काळा पक्षी, लांब शेपटीचा. इथल्या माणसांनी काळा बेसाल्ट कुटून मातीत मिसळलेला असतो, त्यामुळे झियाची भांडी टणक होतात. किंमत सांगितली तेवढी दिली.

शुक्रवार, कॅपिटन आणि व्हाइट सँड्स

लांबचा प्रवास. सान अंतोनियोहून पूर्वेला वळलो. या रस्त्याच्या दक्षिणेला ट्रिनिटीची जागा आहे. १६ जुलै १९४५ला पहाटे साडेपाचला जगातला पहिला अणुस्फोट इथे झाला. वर्षातून एखाद-दुसरा दिवसच ती उघडतात, त्यामुळे कुंपणापलीकडचं माळरान बघत पुढे गेलो. आसपासच्या गावांतली माणसं काही न सांगता त्या धुळीखाली राहिली आणि त्यांच्या घरांत नंतर कॅन्सरचे रुग्ण निघत राहिले. हे बोलताना ओंकारचा आवाज बदलला.

वाकडी वाट करून कॅपिटनला थांबलो. काळं अस्वल हा राज्यप्राणी. १९५०च्या वणव्यात इथल्या जंगलात पंजे भाजलेलं एक पिल्लू झाडाला चिकटून बसलेलं सापडलं. त्याला वणवाविरोधी मोहिमेतल्या चित्रातल्या अस्वलाचं, स्मोकीचं, नाव मिळालं. ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात वाढलं, आणि १९७६ साली मेल्यावर त्याला इथे आणून पुरलं. साधा दगड आहे, झाडं आहेत, मुलं येतात.

चार वाजता व्हाइट सँड्स. शुभ्र टेकड्या, क्षितिजापर्यंत, सातशेहून जास्त चौरस किलोमीटर. ही वाळू गारगोटीची नाही, जिप्समची आहे. आजूबाजूच्या डोंगरातलं जिप्सम पाण्यात विरघळून खाली येतं. या खोऱ्याला समुद्राकडे वाटच नाही, म्हणून पाणी साठतं, आटतं, मागे स्फटिक राहतात. नैर्ऋत्येचा वारा ते फोडून वाळू करतो. पाण्यात विरघळणारी वस्तू एरवी अशी टिकून राहत नाही. भर उन्हात अनवाणी चाललो तरी पाय पोळले नाहीत.

इथे राज्यपुष्प भेटलं. युक्का. टेकडी पुढे सरकून झाडाला गाडायला लागली की ते खोड वाढवत वर येत राहतं, म्हणजे दिसतं ते हातभर झाड आणि खाली पुरुष-दोन पुरुष खोड. फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीची. आता वाळलेल्या दांड्यावर शेंगा होत्या. युक्काचं परागीकरण एकाच जातीचे पतंग करतात. मादी परागकणांचा गोळा फुलात ठेवते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाच्या. ईशाने शेंग उघडून अळीचं भोक शोधून काढलं.

शनिवार, लास क्रूसेस आणि हॅच

सकाळी रिओ ग्रांदेच्या पात्रात चाललो. पात्रात, कारण पाणी नव्हतं. वरच्या अंगाला १९१६ सालचं एलिफंट ब्यूट धरण आहे. सिंचनाचा हंगाम संपला की दार बंद होतं आणि लास क्रूसेसला पुढच्या वसंतापर्यंत वाळू उरते. राज्य-मासा म्हणून याच नदीच्या नावाची ट्राउट निवडलीय. तीही आता मूळ टापूच्या अगदी थोड्या भागात, उत्तरेच्या थंड झऱ्यांत टिकून आहे.

मग विद्यापीठात. इथल्या फाबियान गार्सिया यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिरचीची पद्धतशीर निवड करून आजच्या लांब, एकसारख्या हिरव्या मिरचीचा पाया घातला. मेक्सिकोतून अनाथ मुलगा म्हणून आलेला हा माणूस. इथेच मिरचीवर संशोधन करणारी संस्था आहे. आसामच्या भूत जोलोकियाची तिखटपणाची मोजणी इथे झाली आणि २००७ साली तिची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली. मिरची याच खंडातली. पोर्तुगीज तिला गोव्यात घेऊन आले, तिथून ती आपल्या ताटात आली. तिच्या माहेरच्या बागेत लवंगी मिरचीसारखी झाडं बघून मला फार बरं वाटलं.

वासाची गोष्टही याच गावातली. एका प्राथमिक शाळेतल्या पाचवीच्या मुलांनी भेटीला आलेल्या सिनेटरांपुढे कल्पना मांडली, त्यांनी विधेयक आणलं, आणि २०२३ साली भाजल्या जाणाऱ्या हिरव्या मिरचीचा वास हा राज्याचा अधिकृत सुगंध झाला. असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. मिरची आणि फ्रिहोलेस, म्हणजे राजमा-घेवड्याच्या जातीचे दाणे, १९६५पासून राज्यभाज्या आहेतच.

उत्तरेला तासाभरावर हॅच. गावभर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या. एका टपरीबाहेर जाळीचं पिंप फिरत होतं, खाली गॅसची ज्वाळा. पोतंभर मिरची आत टाकतात, साल काळं पडून तडतडतं, आणि तो वास येतो. मी डोळे मिटून श्वास घेतला. ठेच्यासाठी तव्यावर मिरची टाकली की घर खोकायला लागतं. इथे खोकला नाही, ही मिरची जाड सालीची आणि बेताची तिखट. भाजणाऱ्या काकांशी बोलले. नदीचं पाणी अपुरं मिळतं, विहिरीचं खारट होत चाललंय, आणि तोडणीला हात मिळत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या वेळी होती त्याच्या निम्मी जमीनही आता मिरचीखाली नाही. वासाचा कायदा झाला याचा त्यांना अभिमान आहे. पाण्याचंही कुणीतरी बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

एक पोतं घेतलं. घरी पोचून रात्री चौघं सालं काढायला बसलो. इथे लोक वर्षभराची मिरची अशीच सोलून फ्रीझरमध्ये ठेवतात. थोडी बाजूला काढून मी लसूण, शेंगदाणे, मीठ आणि तेल घालून ठेचा केला. मुक्ताने डबाभर शेजारच्या आजींना नेऊन दिला. त्यांचं घराणं सतराव्या शतकापासून याच खोऱ्यात आहे. दोन दिवसांनी डबा परत आला तो बिस्कोचितोंनी भरलेला, आणि निरोप होता: तुमच्या मावशींसाठी लोणी घालून केलेत.